रात्रपाळीला कळलं पाहिजे: वृद्धाश्रमातल्या शेवटच्या दिवसांची तयारी

वृद्धाश्रमात कुणाचा शेवट कसा होणार, हे बहुतेक वेळा रात्री दोन ते चारच्या मध्ये ठरतं. त्या वेळी मुलगा झोपलेला असतो, डॉक्टर फोन उचलत नाहीत, व्यवस्थापक घरी असतात. खोलीत असते एकटी रात्रपाळीची मावशी आणि समोर धाप लागलेल्या आजी. मावशी घाबरते आणि १०८ ला फोन करते. तिची चूक नसते. दुसरं काही करायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी सिस्टर आहे. नऊ वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली आणि गेली सोळा वर्षं वृद्धाश्रमांत काम करते, सध्या पुण्याजवळच्या एका अडतीस खाटांच्या आश्रमात. आधी जिथे होते तिथे मिरजेकडच्या एक आजी होत्या. वय ८६, हृदय थकलेलं, पायावर कायम सूज. वेणी घालताना त्या मला म्हणायच्या, "सिस्टर, मला आता कुठे हलवू नका हं. या खिडकीपाशीच जाऊ द्या." मला म्हणाल्या, मावशींना म्हणाल्या, लेकीलाही म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. माझी सुट्टी होती त्या रात्री त्यांना धाप लागली, अँब्युलन्स आली आणि त्या आयसीयूत गेल्या. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. तोंडात नळी होती. नळी ओढतात म्हणून दोन्ही हात बँडेजने खाटेच्या दांड्याला बांधलेले होते. लेक काचेबाहेर उभी. पाचव्या दिवशी आजी गेल्या. अंगाला पाणी लावताना मनगटांवर बँडेजचे वळ दिसले.

आजींनी सगळ्यांना सांगितलं होतं, पण कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहून ठेवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्यानंतर जे शिकले, ते इथे सांगते. आईवडील आश्रमात असलेल्या मुलांसाठी, आश्रम चालवणाऱ्यांसाठी, आणि स्वतः तिथे राहणाऱ्यांसाठी तर आहेच.

आश्रम निवडताना

जागा बघायला जाताना लोक बाग बघतात, जेवण बघतात, कमोड आहे का विचारतात. ते विचाराच. पण एक प्रश्न व्यवस्थापकांना सरळ तोंडावर विचारा: "गेल्या वर्षी इथले किती जण गेले, आणि त्यातले किती जण इथेच, आपल्या खोलीत गेले?" उत्तर द्यायला माणूस किती अडखळतो, त्यावरूनच पुष्कळ कळतं. "आमच्याकडे कुणी जात नाही हो, आम्ही वेळेत हलवतो" असं उत्तर आलं, तर तुमच्या आईचा शेवट कुठे होणार ते तुम्हाला आधीच सांगितलं गेलं आहे.

मग करार वाचा. बऱ्याच आश्रमांच्या करारात एक कलम असतं: रहिवासी अंथरुणाला खिळल्यास किंवा गंभीर आजारी झाल्यास नातेवाइकांनी त्यांना घेऊन जावे. सही करताना ते कुणी वाचत नाही. ते बदलून घेता येतं का विचारा. आश्रमाकडे रात्रीची सिस्टर नसते, म्हणून ते कलम घातलेलं असतं. पण "शेवटच्या आजारात आम्ही बाहेरून सिस्टर ठेवू, पॅलिएटिव्हचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारे, डॉक्टर आणू, जबाबदारी लिहून देऊ" असं म्हटल्यावर तयार होणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट मृत्यूच्या दाखल्याची. ही कुणी बोलत नाही, पण माझ्या अनुभवात मरणाच्या दारातल्या माणसाला हॉस्पिटलात पाठवण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. खोलीत माणूस गेला आणि कारणाचा दाखला द्यायला डॉक्टरच नसले, तर पोलीस, पोस्टमॉर्टेम असल्या भानगडी होतील अशी आश्रमाला धास्ती असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनीच मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा, आणि तोही फी न घेता, असं त्यात आहे. घरी किंवा आश्रमात गेलेल्यांसाठी फॉर्म ४ए असतो. म्हणजे ज्यांनी नुकतंच तपासलंय असा एक डॉक्टर हाताशी हवा. त्यांचं नाव ठरवून ठेवा आणि त्यांनाच विचारा, "रात्री तीनला फोन केला तर याल का? नाही तर सकाळी सहाला तरी?" सकाळी सहा चालतं. नैसर्गिक मरणाला पहाटेपर्यंत थांबायला काही हरकत नसते.

हॉस्पाइसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेची, खाट मिळेल का, असंही लोक विचारतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पाइस ते. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ ला सुरू झालं. दोन्ही ठिकाणचं काम फार मोठं, पण ते मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी. आमच्याकडची माणसं बहुतेक स्मृतिभ्रंशाने, थकलेल्या हृदयाने, मूत्रपिंडाने, पक्षाघाताने जातात. त्यांच्यासाठी खाट शोधत फिरू नका. तिथले डॉक्टर आणि सिस्टर जे करतात, ते माणसाच्या आहे त्या खोलीत आणायचं. बहुतेक सगळं आणता येतं.

विचारायचं कसं

हा भाग सगळ्यात अवघड. यासाठी वेळ काढा.

माझी वेळ सकाळी दहाची. आंघोळ झालेली असते, नाश्ता झालेला असतो, औषधांची गुंगी उतरलेली असते. संध्याकाळी विचारू नका. दिवेलागणीला स्मृतिभ्रंशाची माणसं सैरभैर होतात आणि इतरांनाही घरची आठवण येते. कानाचं मशीन लावलंय ना, चष्मा आहे ना, बघा. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला माणूस "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणतो.

"तुम्हाला व्हेंटिलेटर हवा का?" असं सुरुवातीलाच विचारायचं नसतं. मी विचारते, "आजोबा, गेल्या खेपेला हॉस्पिटलात होतात, तेव्हा सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" मग ते सांगतात. कुणी म्हणतं, रात्रभर दिवे चालू असायचे. कुणी म्हणतं, लघवीची नळी. एक काकू म्हणाल्या, "सगळ्यांसमोर अंग उघडं." त्या उत्तरात अर्धा कागद लिहून झालेला असतो. नंतर विचारायचं, "पुन्हा तसं आजारपण आलं तर काय करू या?" आणि मग गप्प बसायचं. मुलं इथे चुकतात. आई दोन मिनिटं गप्प बसली की मुलगी म्हणते, "जाऊ दे ना आई, कशाला असलं बोलायचं!" बोलू द्या. त्यांच्या वयाची निम्मी माणसं गेलेली असतात. हा विषय त्यांच्या मनात रोजच असतो.

"आजार त्यांना सांगू नका, धसका घेतील." हे वाक्य मी शेकड्याने ऐकलंय. मी मुलांशी भांडत नाही. मी त्यांच्यासमोरच आईला विचारते, "काकू, तब्येतीचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलांनाच सांगू?" काही जण खरंच म्हणतात, "मुलांना सांगा, मला नको." तीही त्यांचीच निवड, ती पाळायची. पण बऱ्याच जणी म्हणतात, "मला माहितीये काय झालंय ते. हाच रडेल म्हणून मी बोलत नाही." मग दोघंही रडतात, आणि त्यानंतरच कामाचं बोलणं होतं.

स्मृतिभ्रंश असेल तर? निदान झालं म्हणजे मत संपलं असं धरू नका. सुरुवातीच्या वर्षांत माणूस मोठे निर्णयही सांगू शकतो, म्हणून विचारायला उशीर करायचा नाही. पुढे प्रश्न लहान करत न्यायचे. "हॉस्पिटल की इथे?" हे जमत नसेल, तर "ही खोली आवडते?" एवढंच. तेही संपलं की शरीर सांगतं. चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटणं हे उत्तर आहे. ते लिहून ठेवायचं, तारखेसकट.

आणि मावशींना विचारायला विसरू नका. पायाला तेल लावताना माणूस जे बोलतो, ते डॉक्टरांसमोर कधी बोलत नाही. मी दर पंधरा दिवसांनी मावशींना चहाला बसवून विचारते, कोण काय म्हणालं. आमच्याकडच्या कागदांवरच्या निम्म्याहून जास्त ओळी त्यांच्याकडून आल्या आहेत.

कागद

दोन कागद लागतात. एक आश्रमाचा, एक कायद्याचा.

आश्रमाचा कागद एका पानाचा, मोठ्या अक्षरात, मराठीत. फाइलमध्ये नाही ठेवायचा. आमच्याकडे तो खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. दार उघडलं की समोर. खोली नंबर सातमधल्या काकूंचा असा आहे:

"पडून हाड मोडलं तर हॉस्पिटलात न्या. धाप लागली, ताप आला, शुद्ध गेली तर नेऊ नका, इथेच औषध द्या. छाती दाबू नका, तोंडात नळी नको, नाकातून जेवणाची नळी नको. दुखू देऊ नका, त्यासाठी झोप जास्त आली तरी चालेल. पहिला फोन डॉक्टरांना, दुसरा सिस्टरना, तिसरा लेकीला. १०८ ला फोन करू नका. शेवटी हरिपाठ लावा, आवाज बारीक. डोळे दान करायचे आहेत."

खाली काकूंची सही, लेकीची सही, डॉक्टरांची सही आणि तारीख. हाड मोडण्याचा अपवाद मुद्दाम घातलाय. खुब्याचं हाड मोडलं की हॉस्पिटल टाळून दुखणं कमी होत नाही. अगदी थकलेल्या माणसालाही ते हाड बसवल्यावर कूस बदलता येते. "हॉस्पिटल नको" एवढंच लिहिलं तर अशा वेळी सगळे गोंधळतात. म्हणून कुठल्या आजाराला काय, असं लिहा.

दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या दुखण्यानंतर कागद पुन्हा वाचून दाखवायचा. आमच्याकडे वर्धेकडचे एक मास्तर होते. पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्नपाणी आणि औषध सोडलं, तेव्हा हे तिथे जाऊन आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी ठणठणीत लिहून दिलं: काहीही नको, कुठेही नको. दोन वर्षांनी न्यूमोनिया झाला, धाप लागली, आणि माझा हात धरून म्हणाले, "मला घेऊन जा." आम्ही लगेच नेलं. मुलगा म्हणाला, "पण बाबांनी लिहिलंय ना?" शुद्धीतला माणूस या क्षणी जे म्हणतो ते कागदाच्या वर. मास्तर बरे होऊन परत आले, सात महिने राहिले, आणि पुढच्या खेपेला म्हणाले, "आता बास." तेव्हा इथेच ठेवलं.

दुसरा कागद म्हणजे लिव्हिंग विल, वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली. पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती, की न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता करायचं ते असं. अठरा वर्षांवरच्या, शुद्धीत असलेल्या माणसाने आपल्या मनाने, स्पष्ट शब्दांत लिहायचं. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसाचं नाव त्यात घालायचं. मी दोन नावं घाला म्हणते, कारण एक जण विमानात असू शकतो. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो आश्रमाशी आणि मालमत्तेशी संबंध नसलेले घ्या. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. नोटरीला आश्रमात बोलावता येतं, आम्ही एका दिवसात सहा-सात जणांचं करून घेतो. एक प्रत नाव घातलेल्या माणसांना, एक डॉक्टरांना, एक महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात हे अधिकारी नेमण्याचं काम पुढे सरकलं. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून सुरुवात करून दिली. तुमच्या गावच्या कार्यालयात कुणाला माहीत नसेल, तर अर्ज देऊन पोच घ्या. पोच जपून ठेवा.

हे इच्छापत्र कधीही बदलता येतं, रद्दही करता येतं. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. इच्छापत्राचा कायदेशीर सोपस्कार हॉस्पिटलात लागतो. माणूस बेशुद्ध आहे, बरा होण्याची आशा नाही आणि यंत्र काढायचं किंवा लावायचंच नाही असं ठरतंय, तेव्हा हॉस्पिटलात तीन डॉक्टरांचं पहिलं मंडळ बसतं, मग दुसरं. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं, आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. म्हणजे एकदा आत गेलं की बाहेर पडायला चार-पाच दिवस सहज जातात, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणूनच मी कपाटाच्या दारावरच्या कागदाला इतकं महत्त्व देते.

दुखणं आणि मॉर्फिन

आश्रमात ठेवायचं ठरवलं, तर दुखणं आणि धाप यांचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे. नाही तर "इथेच राहू द्या" म्हणजे "इथेच तळमळू द्या" असं होईल. ते मला मान्य नाही.

मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात: सवय लागेल, श्वास बंद पडेल, म्हणजे आता संपलंच. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने असं होत नाही. ते धापेलाही उपयोगी पडतं, हे फार जणांना माहीत नसतं. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठ हमखास होतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूत्रपिंड थकलं की मॉर्फिन अंगात साठतं आणि माणूस गुंगतो, दचकतो. मग डॉक्टर मात्रा किंवा औषधच बदलतात.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली पूर्वी एका संस्थेला ते ठेवायला चार-पाच परवाने लागायचे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते. तुमच्या जवळचं मान्यताप्राप्त हॉस्पिटल कुठलं, हे आजच शोधा. गरज पडेल त्या दिवशी नाही. पॅलिएटिव्ह डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि एक नातेवाईक एवढ्यावर काम होतं. आणल्यावर कुलपात, आणि प्रत्येक गोळीची वहीत नोंद.

गिळता येईनासं झालं तर कातडीखाली बारीक सुई ठेवून तेच औषध देता येतं. दंडावर किंवा पोटावर बटरफ्लाय सुई लावली की ती बरेच दिवस चालते, शिरेत सुई शोधत टोचत बसावं लागत नाही. फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा पॅचही मिळतो, पण त्याचा असर व्हायला बारा तासांच्या पुढे लागतात. रात्री अचानक उठलेल्या कळेला पॅच लावून उपयोग नाही.

बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं चेहऱ्यावर वाचायचं. कपाळाला आठ्या, मुठी वळलेल्या, कूस बदलताना कण्हणं, हात झिडकारणं. "चिडचिड करतात" असं मावशीने वहीत लिहिलं, की मी आधी दुखतंय का बघते, तोंड आलंय का बघते, पोट साफ झालंय का बघते. झोपेची गोळी सगळ्यात शेवटी.

मुलं लांब असतील तर

अमेरिकेतला मुलगा फोनवर म्हणतो, "सिस्टर, जे शक्य आहे ते सगळं करा, पैशांची काळजी करू नका." त्या वाक्यामागे प्रेम असतं आणि जवळ नसल्याची टोचणी असते. त्यावर वाद घालू नये. बरं आहे तेव्हाच, दिवाळीला आले असतील तेव्हा, आईच्या खोलीत सगळ्यांना बसवून कागद वाचा. आई स्वतः बोलतेय असा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. रात्री तीनला मुलगा गडबडला की मी काही समजावत बसत नाही, तो व्हिडिओ पाठवते.

"मी पोचेपर्यंत आईला ठेवा" असं म्हणतात. श्वास कुणाला ठेवता येत नाही, हे सांगायचं, आणि फोन आईच्या उशाशी लावून द्यायचा. ऐकू येत असेल असं धरूनच बोलायचं. एका आजोबांच्या मुलीने कॅनडाहून पाऊण तास त्यांना लहानपणच्या चिपळूणच्या घराचं वर्णन सांगितलं: पडवी, झोपाळा, फणसाचं झाड. आजोबांच्या कपाळावरची आठी माझ्यासमोर उलगडली.

शेवटचे दिवस

खाणं कमी होतं, मग थांबतं. हे बघणं घरच्यांना सगळ्यात जड जातं. आपल्याकडे न जेवणं म्हणजे उपासमार, म्हणून नळी घाला म्हणतात. पण शरीर बंद होत आलं की भूक आधी जाते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नाकातल्या नळीने आयुष्य वाढत नाही, अन्न फुप्फुसात जायचंही थांबत नाही, आणि नळी ओढू नये म्हणून हात मात्र बांधले जातात. त्याऐवजी चमच्याने, बसवून, मागतील तेवढं. दोन चमचे मऊ भाताची पेज, आमरसाचं बोट, एवढं पुरे. ठसका लागला की थांबायचं.

पण तोंड कोरडं राहू द्यायचं नाही. दर तासाला ओल्या कापसाने ओठ, हिरड्या, जीभ पुसायची. इथे एक सांगते. खोली सातमधल्या काकूंच्या आधी त्याच खाटेवर एक आजी होत्या. आयुष्यभर पहाटे साडेपाचला चहा, आलं घातलेला, साखर जास्त. शेवटच्या तीन दिवसांत पाण्याचा कापूस लावला की त्या तोंड फिरवायच्या. आमच्या मावशीने चहा केला, कोमट होऊ दिला, गॉझचा तुकडा त्यात बुडवून पिळला आणि ओठांवर फिरवला. आजींनी जीभ बाहेर काढून ओठ चाटले. डोळे मिटलेलेच. पुढे दर तासाला चहाच. त्यांच्या कागदावर मी ती ओळ नंतर, त्या असतानाच लिहिली, रात्रीच्या मावशीसाठी: पाणी नको, चहा, आलं घालून.

धाप लागली तर आधी उशा लावून बसतं करा, खिडकी उघडा, छोटा टेबलफॅन चेहऱ्यावर वारा येईल असा ठेवा. याने खरंच आराम पडतो. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा. घशात नळी घालून कफ ओढत बसू नका, डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन असतं ते द्या. घरघर ऐकणाऱ्यालाच जास्त त्रास देते, माणूस तोवर बहुधा खोल गेलेला असतो. पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर ठिपके दिसतात, श्वास थांबून थांबून येतो. हे मावशींना आधी समजावून सांगा, नाही तर प्रत्येक थांबलेल्या श्वासाला त्या पळत सुटतील. आम्ही आश्रमात दर सहा महिन्यांनी हे शिकवतो. बीपी मोजणं, साखर तपासणं, रोजची रक्तदाबाची गोळी या सगळ्याला डॉक्टरांना विचारून रजा द्या. एअर बेड असू द्या. दर दोन तासांनी कूस बदलतोच, पण शेवटच्या दिवशी वळवताना कण्हत असतील तर थोडं कमी करा.

दोघींची खोली असेल, तर शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही विचारा: "तुम्हाला इथेच थांबायचंय, की दोन दिवस दुसऱ्या खोलीत झोपता?" त्यांना न विचारता हलवू नका, आणि पडदा ओढून काही घडतच नाहीये असं भासवू नका. बऱ्याच जणी थांबतात. एकीने रात्रभर जपमाळ ओढली होती.

गंगाजल, तुळशीचं पान, बायबल, कुराण, पंचशील की काहीच नाही, हे आधी विचारलेलं असावं. एका निरीश्वरवादी काकांच्या तोंडात भाच्याने गंगाजल घालायचा आग्रह धरला, तेव्हा मला तो कागद दाखवून नाही म्हणावं लागलं.

गेल्यानंतर

वेळ लिहा. डॉक्टरांना फोन करा. नेत्रदान असेल तर चार ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन. तोवर पंखा बंद, डोळे मिटून पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरी डोळे देता येतात. देहदान असेल तर मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाशी आधीच बोलून ठेवा आणि डॉक्टरांचा दाखला हातात ठेवा; जवळच्या नातेवाइकांची तयारी नसेल तर फॉर्म भरलेला असूनही होत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत.

सकाळी नाश्त्याच्या वेळी बाकीच्यांना स्पष्ट सांगा, कोण गेलं, किती वाजता, कसं. मागच्या दाराने नेऊ नका. ज्यांना नमस्कार करायचाय त्यांना करू द्या. आपल्यालाही असंच नेणार, हे ते बघत असतात.

आणि रात्रपाळीच्या मावशीला लगेच घरी पाठवू नका. आधी चहा-पोळी द्या, बसवा, आणि काय काय झालं ते तिच्याकडून सावकाश ऐकून वहीत उतरवा. दुपारी लेकीचा फोन येईल आणि ती हेच विचारेल, आणि त्या वेळी खोलीत मावशीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.